पाठोपाठ काढलेला केर

शिराळा,
ऑक्टोबर १९७७

प्रिय,

पुढं नाव लिहायचं म्हणजे उखाणाच घ्यावा लागेल, आणि तो मस्कतपर्यंत ऐकू यायचा नाही. तेवढी जागा कोरी ठेवते, तुम्हीच भरा.

तुमचं पत्र नागपंचमीच्या आदल्या दिवशी मिळालं. कंपनीनं खोली दिली, यायची तारीख कळव, तिकीट काढतो, असं लिहिलंत. ते मी चुलीपाशी वाचलं, मग परड्यात जाऊन परत वाचलं. लग्नाला आठ वर्षं झाली. आधी तुमची पलटण, मग मस्कत. तुमच्या सगळ्या रजा एकीला एक जोडल्या तरी संसाराचं एक वर्ष भरायचं नाही. हळदीकुंकवाला बायका माझ्याकडं जरा जास्तच मायेनं बघतात, त्याचा लई राग येतो. बाकीच्यांना पोरं होतात, मला निळी पाकिटं येतात!

तयारी म्हणाल तर झोकात चालली होती. सांगलीला जाऊन टोचून घेतलं, दंड टम्म सुजला. पासपोर्टाच्या फोटोत मी कोंबडी चोरताना धरल्यासारखी दिसते, हसू नका. आत्याबाईंनी तर सून लेकाकडं निघाली म्हणून घर डोक्यावर घेतलं. चटणी कुटली, हळद दळून आणली, "तिकडं असली गावती का न्हाई कुणास ठाऊक" म्हणून दोन डबे जास्तीचे भरले. पासपोर्ट आला तसा देव्हाऱ्यात ठेवून त्याला हळदकुंकू वाहिलं. मी म्हटलं, "आवं, सायब ओरडंल." तर म्हणतात, "ओरडू दे. जाताना दोघं, पर येताना तिघं या."

आता एक गोष्ट. त्यांनी शपथ घातलीय, पण मोडते. आत्याबाईंना दिसत नाही. पाणी तांब्याच्या बाहेर ओततात आणि तांब्याच हलला म्हणतात. परवा चूल विझली समजून निखाऱ्यावर हात टेकला. पोराला कळवलंस तर त्याचा जीव खालीवर हुईल, असं म्हणून गप्प बसवतात. साळूबाई शेजारी आहेत, त्या बघतील, असं आम्ही दोघींनी ठरवलं होतं. म्हणजे त्यांनी ठरवलं, मी मान हलवली.

गेल्या सोमवारी माहेराहून ज्ञानूदादा मला व्हिसाच्या कामासाठी मुंबईला न्यायला आला. आत्याबाईंनी हातावर दही घातलं. आम्ही स्टँडवर पोचलो आणि ध्यानात आलं, पासपोर्ट देव्हाऱ्यातच राहिला! मी पळत माघारी आले. तर दारातून दिसलं, आत्याबाई घर झाडत होत्या. चाचपत, कोपऱ्याकोपऱ्यातून, ओणव्यानं. तुम्हाला ठाऊकच आहे, माणूस गावाला गेलं की ते पोचेस्तोवर घरात केर काढत नाहीत. पाठोपाठ काढतात तो मयत नेल्यावर. तुम्ही मस्कतला गेलात तेव्हा पोचल्याचं पत्र यायला महिना लागला, आणि महिनाभर या बाईनं केरसुणीला हात लावू दिला नव्हता. त्या देवळात गेल्या की मी चोरून झाडायची आणि शिव्या खायची. आणि माझ्यामागं चार पावलांत झाडायला घेतलं!

माझं डोकंच फिरलं. "मी मेले का? एवढी जड झालते तर तोंडानं सांगायचं हुतं," असं काहीबाही बोलले. त्या भिंतीकडं तोंड करून उभ्या राहिल्या. मी पासपोर्ट उचलला आणि निघाले. मुंबईत शिक्का मिळाला, पण घास गोड लागला नाही. तीन रात्री मनातल्या मनात भांडत होते.

परत आल्यावर साळूबाईंनी मला पाणवठ्यावर गाठलं. आत्याबाई त्यांच्यापाशी बोलल्या होत्या. म्हणाल्या, "पोराच्या टायमाला म्या महिनाभर केर अडवून धरला. म्हनून त्याचा जीव हितंच अडकून ऱ्हायला, ना हिकडचा ना तिकडचा. हिचा तरी पाय मोकळा हुं दे. मागं वळून बघाय काय ऱ्हायलाच नगं." मी घागर तिथंच ठेवून रडले. घरी आले तर त्या चाचपत माझ्या पिशवीत डबे बसवत होत्या.

म्हणून हे पत्र. मी येत नाही. ज्या बाईनं मला असं सोडलं, तिला सोडून यायला मला जमायचं नाही. आत्याबाईंना वाटतंय मी तारीख कळवतेय, शेजारी बसून विचारतायत, लिवली का गं? मी हो म्हटलंय. तुमचा करार चैत्रात संपतो, पुढं सही करायची का नाही ते तुमचं तुम्ही बघा. रागावलात तर रागवा, सोसेन. फक्त एक करा, मला पुन्हा ये म्हणून लिहू नका. पुन्हा बोलावलंत, तर मी येईन हो.

तुमचीच,
मनू