झाकणाखालची पंचावन्न मिनिटं

४ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

परवा सकाळी उठून आंघोळ केली आणि टेबलावरच्या लॅपटॉपची वायर काढायला गेलो. पाचला एक मिनिट कमी होतं, म्हणून वायर हातात धरून ते मिनिटभर तसाच उभा राहिलो. तुझी भावजय दारातून बघत होती. म्हणाली, स्वतःच्या लग्नातसुद्धा हा माणूस घड्याळाकडे इतका बघत नव्हता.

तुला नीट सांगतो. आमच्या शाळेत संध्याकाळी मोठ्या बायकांचा टंकलेखनाचा वर्ग चालतो. त्यासाठी अकरा लॅपटॉप आहेत, सगळे नऊ वर्षांचे म्हातारे. वीस जुलैला बायकांची परीक्षा आहे, अडीच तासांची. इथे वीज कधी जाईल याचा भरवसा नाही, त्यामुळे बॅटरीवर अडीच तास निघायला हवेत. मधेच लॅपटॉप बंद पडला तर पेपर गेला, आणि पुढची परीक्षा वर्षाने.

आमचा दुरुस्तीवाला म्हणत होता की बॅटऱ्या थकल्या आहेत, बदला. मी म्हणत होतो की लॅपटॉप चालवणारी मूळ यंत्रणा, तिला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात, तीच जड झाली आहे. एक हलकी सिस्टीम फुकट मिळते, ती घातली की बॅटरी जास्त चालते. तो म्हणाला, फार तर पंधरा-वीस मिनिटं. मी म्हटलं, मोजून दाखवतो. मी शाळेचा हेडक्लार्क, कॉम्प्युटरमधलं मला कितीसं कळतं? पण मोजता तर येतं.

जुन्या सिस्टीमचा एक आणि नव्या सिस्टीमचा एक असे दोन लॅपटॉप घरी आणले. बॅटरीत फरक नको म्हणून एकच बॅटरी आलटून पालटून दोन्हींत घातली. आवाज बंद करून दोन्हींवर वर्गातल्या व्हिडिओचा तोच धडा लावला. वेळही तीच, पहाटे पाच. जुनी सिस्टीम चालली दोन तास दहा मिनिटं. नवी पूर्ण तीन तास. दोनदा मोजलं, दोन्ही वेळा तेच.

परवा दुपारी शाळा समितीच्या सभेत आकडे वाचून दाखवले. अध्यक्षांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. दुरुस्तीवाला मागच्या बाकावरून उठून म्हणाला की इतका फरक पडणं शक्यच नाही. तेव्हा अध्यक्षांनी त्याला विचारलं, दुकानात बॅटऱ्यांचा ढीग साचला आहे का? सगळे हसले. मीही हसलो. नवी सिस्टीम सगळ्या लॅपटॉपवर घालायची आणि दुरुस्तीवाल्याला यापुढे बोलवायचं नाही, असं ठरलं. इतिवृत्त नेहमीप्रमाणे मीच लिहिलं.

एकंदरीत चांगलंच झालं. पण दोन दिवस जेवण जात नाही. उकाडा असेल.

गुडघ्याला तेल लावत जा. धाकट्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
घड्याळ्या

१२ जून

चि. घड्याळ्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. तू गावच्या शाळेत असताना अंगणात काठी रोवून तिची सावली मोजली होतीस आणि घंटा चार मिनिटं उशिरा होते म्हणून गुरुजींना सांगितलं होतंस. त्यांनी आधी तुझा कान पिळला आणि मग घड्याळ लावून घेतलं. तेव्हापासून तुझं हे नाव पडलं. केस पांढरे झाले तरी तुझी खोड तीच.

बॅटरीचं मला ओ की ठो कळत नाही. पण एकतीस वर्षं मी वॉर्डात नर्स म्हणून काढली. उकाड्याने जेवण जात नाही म्हणणारे पेशंट मी पुष्कळ बघितले. त्यातल्या निम्म्यांचं दुखणं दुसरंच असायचं, आणि ते त्यांना ठाऊकही असायचं.

तू दोन पानं भरून मिनिटं लिहिलीस आणि मधेच दोन शब्द लिहिलेस, मीही हसलो. ते तू मला का कळवलंस? मी तर विचारलं नव्हतं. गेल्या वर्षी मी तुझ्याकडे आले होते तेव्हा हाच दुरुस्तीवाला भर उन्हात येऊन माझा फोन नीट करून गेला होता. चहासुद्धा घेतला नाही, दुकान उघडं टाकून आलोय म्हणाला. त्याच्या तोंडून मी तरी काही खपवाखपवीचं ऐकलं नाही.

आणि एक साधा प्रश्न. तू पावणेसहाला देवापुढे बसतोस आणि तासाभराने उठतोस. लहानपणी बसण्याआधी तू रेडिओवर टॉवेल टाकायचास, देवासमोर दुसरं काही उघडं नको म्हणून. आई हसायची. मग पाच वाजता लावलेल्या त्या लॅपटॉपचं तू पावणेसहाला काय करत होतास?

फोनवर तू नुसता हं हं करतोस, म्हणून कागदावरच कळव. भावजयीला माझी आठवण सांग, आणि तिच्यापासून काही लपवत असशील तर ते आधी तिला सांग.

तुझी,
ताई

२४ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

उत्तराला बारा दिवस लावले. तीन पत्रं लिहिली आणि फाडली.

मी झाकण लावत होतो. पावणेसहाला झाकण लावायचं, देवाचं झालं की उघडायचं. दोन्ही लॅपटॉपना सारखाच न्याय, म्हणून वहीत त्याची नोंदही केली नाही. दोघांनाही सारखंच झाकलं, मग फरक कसला, असं मला वाटलं.

त्या सकाळची सगळी हकिकत मी तुला लिहिली नव्हती. दुपारी सभा होती, म्हणून सकाळी शेवटचं एकदा मोजून घेत होतो. नव्या सिस्टीमचा लॅपटॉप लावला होता आणि आवाज बंद करायचा राहून गेला. धड्यातल्या बाई बोलत होत्या. देवापुढे बसायला मी झाकण खाली केलं आणि बाई अर्ध्या वाक्यात गप्प झाल्या. चमकून लगेच झाकण उचललं तर ते वाक्य जिथे तुटलं होतं तिथूनच पुढे सुरू झालं.

मग मी जुन्या सिस्टीमच्या लॅपटॉपवर तोच धडा लावला, आवाज ठेवला आणि झाकण लावलं. त्यात बाई झाकणाखालीही बोलत राहिल्या.

ताई, जुना लॅपटॉप झाकणाखाली राबत होता आणि नवा झोपत होता. मी त्याची झोप त्याच्या कामात धरली. रोजची पंचावन्न मिनिटं.

हे मला सहाच्या आत कळलं. सभा बारा वाजता होती. मधल्या सहा तासांत मी देवाचं केलं, कपड्यांना इस्त्री केली आणि आकडे कोऱ्या कागदावर सुवाच्य अक्षरात उतरवले. मनाला सांगत होतो की थोडाफार फरक तर असेलच, सभा झाल्यावर पुन्हा मोजू. बावीस वर्षं त्या कार्यालयात काढली, सभेत कोणी माझं नाव घेतलं नव्हतं. त्या दिवशी घेणार होते.

सभेनंतर पुन्हा मोजलं, झाकण न लावता. जुनी सिस्टीम एक तास पन्नास मिनिटं, झाकणाखाली पडदा विझून वाचायची ती वीस मिनिटं गेली. नवी दोन तास आठ. फरक अठरा मिनिटांचा. दुरुस्तीवाल्याने पंधरा-वीस सांगितला होता.

तो आता शाळेत येत नाही. बाजाराच्या रस्त्यावर दिसला तर मी वळून दुसऱ्या गल्लीने जातो. पलीकडच्या शाळेनेही त्याला बोलवणं बंद केलं, आमच्या अध्यक्षांनी तिथे सांगितलं म्हणे. आणि इतिवृत्तात माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे की त्याने दिलेला सल्ला स्वार्थापोटी होता. ते वाक्य अध्यक्षांनी सांगितलं, पण शाई माझी.

देवापुढे बसतो पण डोळे मिटत नाहीत. तुझ्या भावजयीला परवा सांगितलं. तिने ताट वाढून दिलं आणि शेजारी बसून राहिली.

काय करावं ते सांग. खरं तर मला माहीत आहे.

तुझ्या मायेला पात्र नसलेला,
घड्याळ्या

१ जुलै

चि. घड्याळ्यास,
आशीर्वाद.

असली सही पुन्हा करू नकोस. पात्र कोण ते मी ठरवीन.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी एका पेशंटचा ताप न बघताच कागदावर लिहिला होता. आदल्या दोन दिवसांचा आकडा तोच होता, तोच तिसऱ्यांदा उतरवला. दुपारी तो तापाने बडबडायला लागला. डॉक्टरांनी कागद बघितला आणि दुसऱ्याच नर्सला झापलं, तो अंक तिचा वाटला म्हणून. मी तिथेच उभी होते. चार दिवस मी गप्प राहिले आणि पाचव्या दिवशी सांगितलं. ते चार दिवस कसे होते ते तुला आता सांगायला नको. पेशंट बरा होऊन घरी गेला, पण त्या नर्सने पुढे माझ्याबरोबर डबा कधी खाल्ला नाही.

परीक्षा वीसला आहे. तुझी नवी सिस्टीम दोन तास आठ मिनिटांत मान टाकणार आणि बायकांचे पेपर बावीस मिनिटं आधी जाणार. रोज घरचं आटोपून, पोरं शेजारी ठेवून त्या येतात म्हणून तूच मागे एकदा लिहिलं होतंस. तुला लाज वाटते ते मी वाचलं. ती घेऊन घरात बसू नकोस, तिला बाहेर ने.

आधी त्याच्या दुकानात जा. समितीकडे नंतर. क्रम चुकवू नकोस.

तुझी,
ताई

९ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू सांगितलेल्या क्रमानेच केलं.

सोमवारी शाळा सुटल्यावर दुकानात गेलो. तो एक पंखा उघडून बसला होता. हल्ली लॅपटॉप कमी आणि पंखे, मिक्सरच जास्त येतात म्हणाला, माझ्याकडे न बघता. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. त्याने हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला नाही. सगळं ऐकून एवढंच विचारलं की हे सभेआधी ठाऊक होतं की नंतर कळलं. मी म्हटलं, आधी. तो पुन्हा स्क्रू फिरवायला लागला.

स्क्रू घट्ट बसल्यावर त्याने सांगितलं की झाकण लावलं तरी चालू राहायचं, ही व्यवस्था जुन्या लॅपटॉपवर त्यानेच करून ठेवली होती. वर्गात कोणी चुकून झाकण लोटलं तर धडा थांबू नये म्हणून मुख्याध्यापक बाईंनी तसं करून घेतलं होतं. मला म्हणाला, क्लार्कसाहेब, विचारलं असतंत तर दोन शब्दांत सांगितलं असतं. पूर्वी तो मला दादा म्हणायचा.

मी माफी मागितली. त्याने बरं म्हटलं. माफ केलं असं म्हणाला नाही, आणि मीही पुन्हा विचारलं नाही.

काल सभा होती. मी उभा राहिलो, वहीतले जुने आकडे वाचले आणि त्यांच्याखाली खरे वाचले. रोज पावणेसहाला झाकण लावून मी देवापुढे बसत होतो हेही सांगावं लागलं. माझं देवाचं करणं आजवर घराबाहेर कोणाला माहीत नव्हतं. ते असं चारचौघांत निघालं याची मला सगळ्यांत जास्त शरम वाटली.

अध्यक्षांनी समजुतीने घेतलं. म्हणाले, माणसाची चूक होते, तांत्रिक चूक असं लिहा आणि विषय मिटवा. ताई, क्षणभर मला तो रस्ता फार बरा वाटला. मग मी म्हटलं की सकाळी सहापर्यंत ती चूक होती, सहानंतर नव्हती. मुख्याध्यापक बाईंनी चष्मा काढून पुसला.

अकराही लॅपटॉपना नव्या बॅटऱ्या घ्यायच्या आणि त्या दुरुस्तीवाल्याकडूनच, असं बाईंनी मांडलं आणि मंजूर झालं. हलकी सिस्टीमही राहू द्यायची, अठरा मिनिटं तर अठरा. पहिली बॅटरी आली की मोजायचं काम त्याने करायचं. मी त्या खोलीत थांबायचं नाही, हे मीच सुचवलं. तो येतो की नाही ते माहीत नाही. बाई स्वतः त्याच्याकडे जाणार आहेत. माझी कार्यालयातली जागा राहील की जाईल तेही पुढच्या सभेत ठरेल.

इतिवृत्त लिहायला अध्यक्ष दुसऱ्या कोणाला तरी सांगत होते. मी म्हटलं, आजचं तेवढं मला लिहू द्या. जुन्या सभेचं पान काढलं. ते वाक्य खोडलं नाही, कारण खोडलं तर ते कधी लिहिलंच नव्हतं असं दिसलं असतं. आजच्या पानावर लिहिलं की दुरुस्तीवाल्याने दिलेला सल्ला बरोबर होता, वाचून दाखवलेले आकडे खोटे होते, आणि ते खोटे आहेत हे वाचणाऱ्याला वाचतानाच माहीत होतं. ‘वाचणाऱ्याला’ या शब्दाच्या जागी माझं नाव घातलं. सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं, खाली सही केली, आणि वेळ घातली, एक वाजून बारा मिनिटं.

तेल लावत जा. माया ठेव, पण कान पिळायची सोडू नकोस.

तुझा,
घड्याळ्या