नेटवर्क गेलं होतं

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार
आजपासून व्हिडिओवर पेशंट तपासायचं ट्रेनिंग. चार आठवडे, घरबसल्या. कळव्यात बत्तीस वर्षं दवाखाना चालवतोय, आणि मला शिकवणार योगिनी मॅडम, वय फार तर तीस. त्यांनी विचारलं, कॅमेऱ्यावर काय बघाल? मी म्हटलं, चेहरा. चेहरा बघितला की मला आजार कळतो. त्यांनी ते लिहून घेतलं. बहुतेक पुढच्या बॅचला सांगतील.
संकल्प: मोबाईलला स्टँड. निळा शर्ट.

६ नोव्हेंबर
मॅडमची तक्रार की मी पेशंटकडे न बघता कोपऱ्यातल्या माझ्याच चौकोनाकडे बघतो. साफ चूक. पेशंटला मी कसा दिसतो, हे बघायला नको? हेमांगीचं म्हणणं, लग्नातही मी फोटोग्राफरकडेच बघत होतो. बायकोला प्रोफेशनल गोष्टी कळत नाहीत.

११ नोव्हेंबर, सकाळी ११.४०
पहिली खरी पेशंट, रंगूबाई. पूर्वी कळव्याच्या बाजारात मासळी विकायच्या, आता बाळकुमला मुलाकडे, सुदेशकडे, चौदाव्या मजल्यावर. वीस वर्षं त्यांचं बीपी माझ्याकडे. सूनबाई फोन लावून देऊन कामावर गेली. कालपासून दम लागतो म्हणाल्या. मी सुकट बंद करायला सांगितलं. त्यावर त्या हसल्या आणि चित्र तिथेच अडकलं. तीनदा हाका मारल्या. शेवटी फोन ठेवला. फॉर्मवर लिहिलं: नेटवर्क गेलं. उद्या पुन्हा लावणे.
बाकी मी छान दिसत होतो.

१२ नोव्हेंबर
रंगूबाई काल दुपारी गेल्या. हार्ट. वय चौऱ्याहत्तर. सुदेशचा फोन आला, त्याला म्हटलं, नेटवर्क गेल्यावर डॉक्टर काय करणार?

१४ नोव्हेंबर
इंटरनेटवाल्याला झापलं. तो म्हणे, अकरा तारखेला लाईन चालू होती. म्हणजे बाळकुमकडची गेली असणार.

१७ नोव्हेंबर
व्हिडिओवर तीन पेशंट. कोणी बोलताना जरा थांबलं की मी म्हणतो, हलून दाखवा. एका आजोबांनी टाटा केला. दुपारी हेमांगी सोफ्यावर पडली होती. तिलाही म्हटलं. तिने डोळे उघडून नुसतं बघितलं. मला बरं वाटलं.

२१ नोव्हेंबर
स्वतःच्या कॉलचं रेकॉर्डिंग बघणं कोर्समध्ये कम्पल्सरी. एकदा सर्दीचं, एकदा चार्जरचं कारण सांगून झालं होतं. आज मॅडम ऑनलाइन सोबत बसल्या. रंगूबाई थांबल्या तिथे मी म्हटलं, बघा, अडकलं. रंगूबाईंच्या मागे गॅलरीत वाळत घातलेलं लुगडं हलत होतं. वाऱ्यावर, चांगलं फडफडत होतं.
नेटवर्क होतं. रंगूबाईच थांबल्या होत्या. मग त्यांचे ओठ हलले, आवाज आला नाही. कोपऱ्यातल्या चौकोनात मी कॉलर नीट करत होतो.
मला भीती वाटते आहे.

२२ नोव्हेंबर
संकल्प: सुदेशला सगळं सांगणे. फोनवर नको, समोर बसून.

२३ नोव्हेंबर
आज त्यांचं तेरावं. अशा दिवशी नको.

२६ नोव्हेंबर
रिक्षाने बाळकुमला गेलो. गेटवर वॉचमनने कोणाकडे म्हणून विचारलं. पत्ता चुकला, असं सांगून त्याच रिक्षाने परत. चौदाव्या मजल्याकडे बघितलं नाही.

२९ नोव्हेंबर, शनिवार
सुदेश स्वतःच दवाखान्यात आला. मी चार दिवस वाक्य पाठ करत होतो. पण आधी तोच बोलायला लागला. म्हणाला, आमच्या बिल्डिंगमध्ये रेंजच नसते. बायको कधीची वायफाय घेऊ म्हणत होती, मीच टाळलं. घेतलं असतं तर तुमचा कॉल कट झाला नसता, तुम्ही आईला वाचवलं असतं. झोप लागत नाही म्हणाला. रडला.
मी त्याला पाणी दिलं. म्हटलं, मनाला लावून घेऊ नका, नेटवर्क कोणाच्या हातात नसतं.
तो वाकून पाया पडला. मी आशीर्वाद दिला.