नव्वदपर्यंत मोजले

रोहा,
५ मे १९९६

प्रिय हिरामण,

गेल्या सोमवारी तुझी आई स्टुडिओत आली होती. बसलीच नाही. म्हणाली, "पोपट, तुझ्या फोटूत माझा पोर दिसतो, मेलेला गोविंदा दिसतो. मग मारणारे गेले कुठं? पंख फुटले व्हते त्यांना?" मी बायजाकाकींना पाणी दिले. उत्तर मला माहीत होते.

फेब्रुवारीत पेणच्या एका छापखान्याला कॅलेंडरसाठी मिठागराचा फोटो हवा होता. "माणसं नकोत, नुसतं मीठ चमकलं पाहिजे," असे मालकांचे म्हणणे. भर दुपारी रिकामे मिठागर कुठून आणू? पण मला फोटो काढायला शिकवणारे एलियाहकाका कायमचे इस्राएलला जाताना मला दोन पोलरायझर फिल्टर देऊन गेले होते. ते लेन्सवर एकावर एक चढवून पुढचा हळूहळू फिरवला की काच काळी होत जाते. हवा तेवढाच उजेड आत येतो. मग कडक उन्हातही शटर दीड मिनिट उघडे ठेवता येते. तेवढ्या वेळात जो हलत राहतो तो फोटोत उमटतच नाही. जो स्थिर राहतो तोच उमटतो.

स्टँड रोवून मी शटरची केबल दाबली आणि सेकंद मोजू लागलो. नऊवर होतो तेव्हा कमळाकर आणि त्याची तीन माणसे पहारी घेऊन आली. कोळंबीच्या तळ्यात खाडीचे पाणी घ्यायला त्यांना बांध फोडायचा होता. तुझा चुलतभाऊ गोविंदा आडवा उभा राहिला. "भातं खारी होतील माझी, मागं व्हा," म्हणाला. पहिली पहार गुडघ्यावर बसली. हाड मोडल्याचा आवाज माझ्यापर्यंत आला. दुसरी पाठीत, तिसरी डोक्यात. तो निपचित पडल्यावरही ते मारत राहिले, जमीन खणावी तसे. मिठाचा लाल चिखल झाला. कमळाकर भोवती फेऱ्या मारत ओरडत होता, "थांबू नका रे, हात दुखले काय?" पस्तीसला ते पळाले. चाळीसला तू धावत आलास. त्याचे फुटलेले डोके मांडीवर घेतलेस, एक हात जखमेवर दाबलास, दुसरा तिथे पडलेल्या पहारीवर टेकलास आणि दगडासारखा बसून राहिलास.

फोटो धुतला तेव्हा त्यात लखलखीत मिठागर होते, गोविंदा होता आणि पहारीवर हात ठेवलेला तू होतास. बाकी कोणी नाही. कमळाकरने माझा कॅमेरा पाहिला होता. फोटो हिसकावायला दुकानात आला आणि तो बघून हसतच सुटला. माझी करंगळी मागे वाकवून मोडली, वर म्हणाला, "फोटो खोटं बोलत नाय ना, मास्तर? मग तू पन मधी बोलू नको." पोलिसांना त्यानेच माझ्याकडे पाठवले. मी फोटो दिला. फिल्टरबद्दल एक शब्द बोललो नाही. तू आत गेलास.

परवा मी त्याच जागी, तेच फिल्टर लावून, मेव्हण्याला हातात पहार देऊन नव्वद अंक मोजेपर्यंत नाचवले. फोटोत नुसता बांध आला. दोन्ही फोटो, निगेटिव्ह आणि फिल्टर तुझ्या वकिलांकडे पोहोचवले आहेत. मंगळवारी तुझ्या जामिनाच्या वेळी मी सगळे सांगणार. कमळाकर मला सोडणार नाही, हे धरूनच चाललो आहे. भीती दुसरीच आहे. कोर्टात मला विचारतील, "तुम्ही तेव्हा काय करत होता?" मी चाळीस पावलांवर होतो, हिरामण. हललो तर फोटो बिघडेल, एवढेच डोक्यात होते. केबलवरचा अंगठा मी नव्वदपर्यंत उचलला नाही. गोविंदाने मला पाहिले होते. तिसरा घाव बसेपर्यंत तो माझ्याच नावाने हाका मारत होता. हे तू परक्यांच्या देखत पहिल्यांदा ऐकू नयेस, म्हणून हे पत्र. सुटलास की सरळ इकडे ये. हातात काय घेऊन यायचे ते तू ठरव. मी दार लावणार नाही.

तुझाच,
पोपट