दोन इंचांची सीट

श्रीयुत दादा यांस,

तुमच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा नमस्कार. आम्ही दोघं खुशाल आहोत. तुमचा गुडघा आणि तुमचं गाद्यांचं दुकान, दोन्ही नीट चालत असतील अशी आशा. मला मात्र मोटार समजेनाशी झाली आहे, म्हणून हे पत्र.

तुमच्या बहिणीने बावन्नाव्या वर्षी लायसन्स काढलं, हे तुम्हाला ठाऊक असेलच (सगळ्या नात्यात शेवटी मलाच कळलं). म्हणाली, ‘तीस वर्षं तुमच्या स्कूटरवर मागे बसले. रस्ता पाहिलाच नाही, नुसता तुमचा शर्ट पाहिला.’ शर्ट मी माझ्याच हाताने शिवलेला होता, तरी मला फार लागलं. म्हणून छोटी गाडी घ्यायचं ठरवलं. अट एकच. ती चार फूट दहा इंच, तेव्हा सीट वर उचलता आली पाहिजे, नाहीतर स्टिअरिंगपलीकडे तिला फक्त आभाळ दिसतं.

शोरूममधल्या टायवाल्याने गाडी दाखवली. गाडी एकच, पण रूपं चार : ‘फ्रेश’, ‘फ्रेश प्लस’, ‘ग्रँड’ आणि ‘ग्रँड (ओ)’. शेजारी उभ्या केल्या तर सख्ख्या आईलाही ओळखू येणार नाहीत. सीट वर होते ती ‘ग्रँड’पासून पुढे, पण तिच्यासोबत छताला काचेची खिडकी घ्यावीच लागते. मी म्हटलं, अहो, आभाळ तिला आत्ताही फुकट दिसतंय, त्याचे पैसे कशाला देऊ? तर म्हणे पॅकेज असतं, सीट सुटी मिळत नाही. दादा, माझ्या दुकानात कुणी खिसा मागितला तर मी त्याच्या गळ्यात कोट मारत नाही हो. ‘ओ’ म्हणजे काय विचारलं, तर ‘ऑप्शनल’. म्हणजे नको म्हणता येईल? तर तेही नाही! ‘फ्रेश’मध्ये समोर चार कोरी बटणं आहेत, दाबली तरी काही होत नाही. ती वरच्या गाडीतल्या सोयींची जागा म्हणे (काज नसलेल्या शर्टाला बटणं लावणारा शिंपी मी तरी पाहिला नाही). शेवटी खिशातली टेप काढून मोजलं, तर ‘ग्रँड’ची सीट उचलून उचलून वर होते दोन इंच. एवढं कापड तर मी प्रत्येक पँटच्या तळाशी दुमडून ठेवतो.

चारी गाड्यांचा तक्ता खाकी कागदावर मांडला, तर पहिली बरी वाटते की चौथी, हेच विसरलो. ही रोज विचारते, काय ठरलं? मी सुईत दोरा ओवत बसतो. आता तुम्हीच सांगा, तुम्ही म्हणाल ती पूर्व दिशा.

तुमचा,
मती गुंग झालेला मेहुणा

ता. क. सांगू नका. आज सकाळी तुमच्या बहिणीने मला सोबत नेऊन स्वतःच ‘फ्रेश’ ठरवली. टायवाल्याच्या खुर्चीतली उशी उचलली, सीटवर टाकली आणि गाडी फिरवून आणली. तेव्हा दुकानातून घट्ट फोमचा तुकडा तेवढा पाठवा, खोळ मी शिवीन.

ता. क. दुसरा : दोनच इंची पाठवा. तीन इंचांवर पाय क्लचला पोचत नाहीत.

ता. क. तिसरा : मी शेजारी बसलो होतो. तिला सगळा रस्ता दिसत होता, इतकी खुश मी तिला कधी पाहिली नव्हती. सिग्नलला थांबल्यावर म्हणाली, ‘तुमच्या शर्टांची पाठीमागची शिवण डावीकडे ओढते. तीस वर्षं बोलले नाही.’ तेव्हा खोळही तिकडेच शिवून घ्या.