भावोजींच्या नावे माझे रिव्हॉल्वर

प्रति,
मेहेरबान विशेष अंमलदार साहेब,
हत्यार परवाना शाखा, कोपरी पोटविभाग,
ठाणे.

अर्जदार: श्रीमती उत्तरा त्र्यंबक खारकर, शिक्षिका, राहणार कोपरी, ठाणे पूर्व.

विषय: दिरापासून जिवाला धोका आहे म्हणून मागितलेल्या रिव्हॉल्वरचा परवाना आपण त्याच दिराच्या नावे दिल्याबाबत.

संदर्भ: आपले पत्र, ‘अर्जदाराने आपल्या गरजेस अनुरूप हत्यार निवडून कारणांसह कळवावे’, त्यावरील माझे सविस्तर उत्तर, जे आपण वाचलेले दिसते, आणि माझे मूळ अर्ज, जे वाचलेले दिसत नाहीत.

महोदय,

‘अर्ज करण्यास कारण की’ असे मी आपणांस यापूर्वी तीनदा लिहिले. कारण अजून तेच आहे. फरक इतकाच की आता त्या कारणाच्या खिशात आपल्या सहीचा परवाना आहे.

१. माझे यजमान कै. त्र्यंबक खारकर शके १८७३ च्या श्रावणात विषमज्वराने वारले. कायद्याप्रमाणे त्यांचा वाटा माझ्याकडे आला, म्हणजे आमच्या घराची मागची खोली, तिला लागून असलेले स्वयंपाकघर आणि खाडीच्या बाजूची चिंचेची वाडी. घराच्या पुढच्या भागात माझे धाकटे दीर श्री. बाळ खारकर व त्यांची पत्नी सौ. गोदा राहतात. यजमानांचे वर्षश्राद्ध होईपर्यंत दीर गोड बोलत. श्राद्धाची पाने उचलली आणि त्यांनी हक्कसोडपत्र पुढे केले. मी सही नाकारली. तेव्हापासून जे चालले आहे ते मागील अर्जांत लिहिले होते. ते कोणी वाचल्याची खूण नसल्याने पुन्हा लिहिते. माझ्या खोलीच्या दाराची आतली कडी त्यांनी उखडून टाकली. मी विहिरीवर पाणी काढत असता ते मागे येऊन उभे राहिले व म्हणाले, “वहिनी, पाय घसरला तर कोण बघणार? सही करा आणि डोंबिवलीला भावाकडे जाऊन सुखाने राहा.” पुढे एके दिवशी नारळ सोलायचा कोयता त्यांच्या हातून सुटला म्हणे, तो माझ्या कानाजवळ चौकटीत रुतला. चौकट आजही तशीच आहे, कोणी आल्यास दाखवीन.

२. कोयत्याच्या वेळी कोळीवाड्यातील आवडाबाई मासळी घेऊन दारात उभी होती. तिने पाटी खाली ठेवली व मला म्हणाली, “बायो, त्या मानसाचे डोले बरे नाय. तू येकली नको ऱ्हाऊस.” तिला घेऊन मी चौकीवर गेले. तेथे सांगण्यात आले की ही घरगुती बाब आहे आणि मासळीवालीची साक्ष कागदावर चढत नाही. मग संरक्षणासाठी मी आपल्या शाखेकडे पहिला अर्ज केला, त्यावर मला कुत्रे पाळण्याचा सल्ला मिळाला. तो मी मानला. कुत्रे चांगले होते, रात्रंदिवस उंबऱ्यावर बसे. पंधरवडा झाला नाही तोच ते चिंचेखाली ताठ होऊन पडलेले सापडले आणि त्याच्या तोंडाला फेस होता. मी रडले, हे लिहायला मला लाज वाटत नाही. त्यानंतरच मी पिस्तुलाचा अर्ज केला.

३. माझ्या अर्जाची स्थानिक चौकशी करण्यास आपले जमादार काळुराम आले. ते ओटीवर बसले. चहा गोदाने केला. ज्याच्यापासून धोका आहे असे मी लिहिले होते त्यालाच त्यांनी विचारले की वहिनींना कोणापासून काही धोका आहे काय. भावोजी म्हणाले, “छे हो, मी आहे ना घरात.” हेच उत्तर ‘चौकशीअंती धोका आढळून आला नाही’ या शब्दांत मला आपल्या सहीने पाठवण्यात आले. माझ्या वर्गातील मुलीने गणिताचे उत्तर असे काढले असते तर तिला मी तास संपेपर्यंत बाकावर उभी केली असती. आपण अंमलदार असल्याने मी फेरअर्ज केला.

४. फेरअर्जावर आपले वर संदर्भात दिलेले पत्र आले. ते वाचून मला प्रथमच वाटले की त्या कार्यालयात कोणीतरी माणूस बसतो. मी शाळेतून रजा घेऊन मुंबईस कोटातील एका बंदुकांच्या दुकानी गेले. दुकानदार वयस्क बोहरी गृहस्थ. मी कपाटातील पिस्तुलांकडे बोट दाखवू लागले तर म्हणाले, “ते नंतर बघू बाई. पहिले हात दाखवा.” कासार बांगडी भरण्याआधी हात पारखतो तसा त्यांनी माझा पंजा दुरूनच नीट पाहिला व कागदावर ठेवून त्याची रेघ मारून घेतली. मग विचारले, माणूस किती लांब असेल? मी सांगितले, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापासून चुलीपर्यंत जितका असतो तितका. “चोर?” “नाही, दीर.” त्यांनी काढलेले मोठे हत्यार परत कपाटात ठेवले आणि खालचा खण उघडला.

माझ्या निवडीची कारणे मी आपणांस तेव्हा कळवली होती. आता त्यांचा उपयोग कोण करतो आहे हे आपणांस कळावे म्हणून ती पुन्हा देते. लष्करी पद्धतीचे मोठे रिव्हॉल्वर मी दोन्ही हातांनी उचलले. ते भरल्या कळशीइतके जड नव्हते, पण कळशी कोणावर रोखून धरायची नसते. थोड्याच वेळात माझा हात खाली आला. दुसरे आपोआप गोळी चढणारे पिस्तूल, दिसायला चपटे व देखणे. त्याचा वरचा भाग जोराने मागे ओढावा लागतो व शिवाय बाजूचा खटका लक्षात ठेवावा लागतो. माझे हात बहुतेक वेळा पिठाचे किंवा ओले असतात, आणि दीर अंगावर येत असता खटका आठवेल अशी खात्री मला देता येत नव्हती. तिसरे अगदी लहान, बटव्यात मावणारे. ते मला आवडले होते. दुकानदार म्हणाले, “याने माणूस थांबत नाही बाई, चिडतो.” माझा माणूस आधीच चिडलेला असल्याने ते मी खाली ठेवले. चौथे सर्व दृष्टींनी ठीक होते, पण कमरेला खोवून बाहेर काढताना त्याचा घोडा पदरात अडकला व पदर टरकन फाटला. दुकानदारांनी कपाळाला हात लावला. ते म्हणाले की इतकी वर्षे हा धंदा केला, पण गिऱ्हाइकाला पदर असतो हे कधी ध्यानात आले नाही, साहेबलोकांना तो नसतो ना. मग त्यांनी माळ्यावरून शोधून एक खोके काढले. बत्तीस बोअर, आखूड नळी, लहान मूठ, आणि घोडा संपूर्ण आत झाकलेला, कोठे काही अडकू नये असा. ते माझ्या हातात बसले. मी ते हत्यार निवडले, आणि आपण माझ्या पत्रावर ‘निवड समर्पक’ असा शेरा मारलात. शेरा खरा आहे.

५. परवाना तयार झाल्याचे कळण्यापूर्वी जमादार काळुराम पुन्हा आले व दारातून विचारते झाले, “घरचा कर्ता कोण?” मी म्हणाले, माझ्या स्वयंपाकघराची मी. ते हसले आणि ओटीवर गेले. एकत्र घरात कर्ता पुरुष जिवंत असता परवाना बाईमाणसाच्या नावे कसा जाईल, असा त्यांचा विचार झाला, आणि आपलाही झाला. जी पुस्तिका निघाली तिच्यातील मजकूर मी येथे जसाच्या तसा उतरवते. ‘परवानाधारक: श्री. बाळ खारकर, कुटुंबाचे कर्ते. हेतू: घरातील विधवा स्त्रीच्या संरक्षणार्थ. हत्यार: श्रीमती उत्तरा खारकर यांनी निवडल्याप्रमाणे.’

तिच्यावर भावोजी ते हत्यार विकत घेऊन आले. मी आपल्या कचेरीत येऊन ती पुस्तिका आपणांस दाखवली. आपण पुस्तिका चाळून म्हणालात, “बाई, हत्यार घरात आले ना? मग झाले तर!” मी आपल्यासमोर उभी होते. खुर्ची रिकामी होती, बसा म्हणाला नाहीत. साहेब, मला त्या वेळी आपला फार राग आला आणि तो अद्याप उतरलेला नाही.

६. हत्यार घरात आल्यापासूनची हकीकत. परवानाधारक ते ओटीवर आल्यागेल्यास दाखवतात आणि सांगतात, “आमच्या वहिनींची निवड. मूठ जरा लहान पडते, पण काम भागेल.” मूठ बदलून मोठी करून घेण्याची परवानगी त्यांनी आपल्याकडे मागितली. माझा एकेक कागद आपल्याकडे महिनोन्‌महिने झोपून राहिला. त्यांना ती परवानगी लगोलग मिळाली. गेल्या आठवड्यात मी जेवायला बसले असता ते आत आले, हक्कसोडपत्र माझ्या पानाशेजारी पसरले आणि वाऱ्याने उडू नये म्हणून वर वजन ठेवावे तसे ते रिव्हॉल्वर त्यावर ठेवले. मीच मोजूनमापून, रजा काढून, पदर फाडून घेऊन, माझ्या स्वयंपाकघराच्या लांबीचा विचार करून ते हत्यार निवडले होते. त्या अंतरावरून ते चुकणार नाही, हे घरात मला सर्वांत जास्त माहीत आहे. मी भ्याले.

७. आज दसरा. आमच्या घरी शस्त्रपूजा असते. पाटावर विळी, कोयता, यजमानांच्या वेळची कुऱ्हाड, आणि मध्यभागी रिव्हॉल्वर, झेंडूचे फूल वाहून व कुंकवाचे बोट लावून. काडतुसे तबकात अक्षतांशेजारी मांडली. आपल्या परवान्याची पुस्तिकाही पाटाखाली पूजेला ठेवली होती. पूजा मांडलेले हत्यार उत्तरपूजेपूर्वी जागचे हलवायचे नाही हा या घरचा शिरस्ता सासऱ्यांच्याही आधीचा आहे, आणि परवानाधारक इतर बाबतींत कसेही असले तरी देवाला फार भितात. जमादार काळुराम प्रसादाला आले होते. त्यानंतर सर्व मंडळी सीमोल्लंघनास व शमीपूजनास निघाली. विधवेला अशा मिरवणुकीत कोणी नेत नाही. गोदा निघताना मला म्हणाली, “वहिनी, तुम्ही आहातच घरी, समईकडे लक्ष ठेवा. दिवा विझायला नको.”

मी समईत तेल घातले. दिवा विझू दिला नाही. मग फूल बाजूला ठेवले, कुंकू पदराने पुसले, रिव्हॉल्वर उचलले आणि तबकातली काडतुसे घेतली. बोहरी गृहस्थांनी शिकवले होते तसे ते भरले. नवीन मूठ अजून मुंबईहून यायची असल्याने ते माझ्या हातात अगदी नीट बसते. या क्षणी ते स्वयंपाकघरात माझ्या उजव्या हाताशी आहे आणि हा अर्ज मी त्याच्याशेजारी पाट मांडून लिहिते आहे.

८. दुसऱ्याच्या नावचे हत्यार विनापरवाना जवळ बाळगणे हा गुन्हा आहे हे मला माहीत आहे. त्याची सबब सांगत नाही आणि माफीही मागत नाही. माझी मागणी अशी की परवाना आजच्या आज माझ्या नावे करून द्यावा. तसे करणे आपल्या नियमांत बसत नसेल तर मला अटक करावी. लॉकअपचे दार बाहेरून कुलूपबंद असते असे ऐकते. माझ्या खोलीचे दार आतूनही लागत नाही, त्यामुळे झोपेच्या दृष्टीने मला अटक सोयीची पडेल. यांपैकी काहीही करावे, पण ‘घरगुती बाब’ हे दोन शब्द पुन्हा ऐकवू नयेत.

अर्ज आवडाबाईच्या हाती आपल्या बंगल्यावर पाठवत आहे. आज सणाचा दिवस आहे, साहेब भेटणार नाहीत, असे फाटकावर तिला सांगण्यात येईल याची तिला कल्पना आहे. ती तेथेच बसून राहील. तिचा आवाज मोठा आहे.

शेवटी एक सूचना, आपल्याच माणसांच्या हितासाठी. आपण स्वतः या किंवा कोणालाही पाठवा, त्याने परसदारी थांबून मोठ्याने आपले नाव सांगावे, आणि मी ‘या’ म्हणेपर्यंत उंबरा ओलांडू नये. नाव न सांगता या दाराने आत येणारा आजवर एकच माणूस आहे. तो सोने वाटून घरी परतायच्या वाटेवर आहे.

आपली,
या अर्जापर्यंत नम्र राहिलेली,
उत्तरा त्र्यंबक खारकर

कोपरी, ठाणे पूर्व.
विजयादशमी, शके १८७५, दिवेलागणीची वेळ.

सोबत:
१) परवान्याची पुस्तिका, मूळ प्रत. परवानाधारकाचे नाव खोडून तेथे माझे लिहिले आहे. हेतूचा रकाना बरोबर असल्याने तसाच ठेवला आहे.
२) हक्कसोडपत्र, सहीविना.
३) रिव्हॉल्वर सोबत जोडलेले नाही.