रिकाम्या खुर्चीचं वजन

तीर्थरूप ताईस,

गब्बूचा साष्टांग नमस्कार. (या वेळी खरोखर घातला. पूर्वी नुसता लिहायचो. घालायला गेलो की पोट तेवढं जमिनीला टेकायचं आणि उरलेली सात अंगं हवेत पोहत राहायची.) तुझी तब्येत कशी आहे? भाऊजींचा तो हलणारा दात पडला, की अजून त्याच्याशी वाटाघाटी चालू आहेत? गुडघ्याला तेल लाव, लावलंस तर चोळ, आणि चोळलंस तर लगेच उठून जिने चढू नकोस. इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. पुढचं वाचून झालं की ते वाक्य तूच खोडून टाक.

फोन घेत नाही म्हणून तू रागावलीस ते बरोबरच आहे. पण घरात बोलायची सोय राहिलेली नाही. ज्याच्याविषयी बोलायचं तो तिथेच बसलेला असतो आणि त्याचे कान माझ्याइतकेच तिखट आहेत. म्हणून कारखान्यात, वजनकाट्यांच्या ढिगाऱ्यात बसून, जेवणाच्या सुटीत (मला तिचा आता दुसरा उपयोग काय?) हे लिहितोय.

वजन उतरवायचं ऑपरेशन उत्तम झालं. सर्जनने पोटाचा मोठा भाग कापून काढला आणि केळ्याएवढं काहीतरी मागे ठेवलं. लोकांच्या पोटात कावळे ओरडतात. माझ्या पोटात आता एखादी चिमणी मावेल, तीही पंख मिटून बसली तर. आणि नियम किती सांगू! पाणी प्यायचं ते औषधाच्या बाटलीच्या टोपणाने, घोट घोट. जेवताना पाणी नाही, जेवणाआधी अर्धा तास नाही, नंतर अर्धा तास नाही. आणि जेवायचं दिवसातून सहा वेळा. म्हणजे मी सदासर्वकाळ कुठल्या तरी जेवणाच्या आधी नाहीतर नंतर असतो, आणि पाणी प्यायला मधली फट शोधत फिरतो. चमचा बाळाचा. घास इतका चावायचा की आपण मुळात काय होतो हे त्याने स्वतः विसरलं पाहिजे. पोट भरलं हे आता पोट सांगत नाही, नाक सांगतं. नाकाला पाणी सुटतं, मग एक उचकी येते, आणि त्यानंतर हावरटपणा केला तर संपलंच. परवा अंड्याचा एक घास घाईने गेला तो छातीच्या मधोमध ठाण मांडून बसला. मी खिडकीचे गज धरून उभा, डोळ्यांतून पाणी, आणि समोरच्या बाल्कनीतली बाई मला हात हलवून हसतेय. केकचा एक तुकडा चोरून खाल्ला तर असा घाम फुटला आणि काळीज असं धडधडलं की चोरी पचत नाही म्हणतात ते खरं पटलं. आता मी केकच्या दुकानावरून जाताना रस्ता ओलांडतो.

आणि भूक? भूकच नाही गं. आहारवाल्या बाई (इस्पितळात एक बाई फक्त आमच्या खाण्यावर डोळा ठेवायला असतात) म्हणाल्या, पोटातली भूक गेली, डोक्यातली जायला वेळ लागेल. मी विचारलं, गेली ती कुठे गेली? त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि पुढच्या माणसाला हाक मारली. पण ताई, माझा प्रश्न धंद्यातला होता. उभा जन्म मी तराजू आणि काटे दुरुस्त करण्यात घालवला. आमच्या गुरूंनी पहिल्या दिवशी कान धरून शिकवलं होतं की वजन कधी नाहीसं होत नसतं, ते या पारड्यातून त्या पारड्यात जातं. सापडत नसेल तर कोणाचं तरी बोट कुठेतरी टेकलेलं आहे असं समज आणि शोध. आता माझं जवळजवळ अर्धं वजन गेलं. मी शोधणार नाही तर कोण शोधणार?

त्यात दुखणं असं की वजन थांबायचं नाव घेईना. ठरवलेली खूण केव्हाच मागे पडली. अंगाला पाणी पुरत नाही म्हणून एकदा सलाईन लावून झालं. बाईंनी तंबी दिली आहे की पुढच्या तपासणीपर्यंत उतरणं थांबलं नाही तर दाखल करून घेऊ आणि नाकातून नळी घालू. मी बाहेर सगळ्यांना हसून सांगतो, पण तुला स्पष्ट सांगतो, मला भीती वाटते. असाच उतरत राहिलो तर एक दिवस काट्यावर उभा राहीन आणि काटा हलणारच नाही.

आता मूळ गोष्ट. आमच्या जेवणाच्या टेबलाशी माझी ती मोठी खुर्ची तुला आठवत असेल, आधीच्या तीन मोडल्यावर सुताराने खालून लोखंडी पट्ट्या मारून दिलेली. ऑपरेशननंतर मी तीत बसायचं सोडलं. तीत मी आता एका कोपऱ्यात जातो आणि विसरलेल्या छत्रीसारखा दिसतो. शिवाय सुरुवातीला अन्नाच्या वासाने मळमळायचं, म्हणून मायलेकी जेवायला बसल्या की मी स्वयंपाकघराच्या दारात टोपण हातात धरून उभा राहायचो. बायकोचा हात तुला माहीत आहे, तो मापाचा नाही, सवयीचा आहे. भात रांधते तो अजून त्याच मोठ्या पातेल्यात. मी म्हटलं, अगं, एवढं कोण खाणार? ती म्हणाली, बघू. आणि ताई, पातेलं रोज रिकामं. लख्ख. बायको खाते चिमणीएवढं, कन्येला परीक्षेच्या काळजीने घास उतरत नाही. मी बायकोला विचारलं तर ती म्हणते पोरीला विचारा, आणि पोरीला विचारलं तर ती अशी बघते जणू मी तिला नापास केलं.

मग मी अजून रजेवर असताना एक दिवस दुपारी खुर्ची कुरकुरली. भर उन्हाची वेळ, खिडकी उघडी, खालून भंगारवाल्याची हाक येतेय, आणि रिकामी खुर्ची कुरकुरली. ती उगीच वाजली नव्हती. जड माणूस बसताना आधी एक हात टेकतो, मग अर्धं अंग सोडतो आणि मग देवावर भरवसा ठेवून उरलेलं सोडतो, तशी तीन टप्प्यांत कुरकुरली. तो आवाज मी ओळखणार नाही होय? तो माझाच आहे. गादी खाली गेली आणि तशीच राहिली. कोणी वर बघितलं नाही. बायकोने ताट वाढून त्या खुर्चीपुढे सरकवलं. मी दारातून विचारलं, हे कोणाला? तर दचकून म्हणाली, अगं बाई, हात सवयीचा! दुसऱ्या दिवशीही हात सवयीचा, तिसऱ्या दिवशीही. तिच्या हाताला माझी एवढी सवय आहे हे मला लग्नानंतर कोणी सांगितलं नव्हतं.

तेव्हा मी धंद्यातला माणूस करील तेच केलं. कारखान्यातून सपाट काटा घरी आणला, प्रमाणाची वजनं ठेवून तपासला, शून्यावर लावला आणि कन्येच्या मदतीने खुर्ची त्यावर चढवली. (बायको म्हणाली, लोक घरात फुलं आणतात.) सकाळभर काटा खुर्चीच्या वजनावर गपगार उभा. दुपारी ताटं मांडली, खुर्ची कुरकुरली आणि काटा सरकला. डुगडुगला नाही, चुकून धक्का लागल्यासारखा परत आला नाही. शांतपणे चढला आणि एका आकड्यावर थांबला. खुर्चीचं वजन वजा केलं. ताई, जे उरलं ते माझं होतं. जेवढं मी ऑपरेशनपासून गमावलं तेवढं, ना किलो जास्त ना किलो कमी. मी काटा उघडला, झाडला, तेल घातलं, पुन्हा लावला, पुन्हा तेच. पुढच्या आठवड्यात मी दोन किलो उतरलो तर तो दोन किलो चढला. नशिबात भूत आलं तेही हिशेबाला चोख! दुसऱ्या कोणाचं असतं तर मी काट्यालाच खोटा ठरवला असता, पण तो काटा मी स्वतः दुरुस्त केलेला आहे.

खुर्ची घालवून द्यावी म्हणून दोन हमाल बोलावले. ते नेमके पानं मांडलेली असताना आले. दोघे असे की कपाट पाठीवर घेऊन जिना उतरतील, पण खुर्ची जागची हलेना. थोरला कंबर धरून म्हणाला, साहेब, आधी माणसाला तरी उठवा की! म्हणाला थट्टेने, आणि मग खुर्चीकडे बघून दोन पावलं मागे सरकला. बायकोने दोघांना पाणी दिलं. मग एक भांडं भरून खुर्चीसमोर ठेवलं. हमाल पाणी प्यायले नाहीत, जिना मात्र फार भराभर उतरले.

शेवटी एकदा धीर करून मी त्याच्या समोर बसलो, कन्येच्या अभ्यासाच्या खुर्चीवर, वाटीत कुस्करलेला बटाटा घेऊन. समोर चावण्याचा आवाज चालू होता. मी बसलो आणि तो थांबला. मी चमचाभर तोंडात घातलं, चावायला लागलो. तोही लागला. माझ्या डाव्या जबड्यात घास चावताना बारीक टक्‌ होतं, तुला ठाऊक आहे, तू चिडवायचीस. समोरही टक्‌. मी थांबलो की तो थांबे. त्याची काही तक्रार नव्हती गं, राग नव्हता. तो आपला माझ्यासाठी खोळंबून बसला होता. मला नाकाला पाणी सुटलं, उचकी आली, मी उठलो. मागे वळून बघतो तर बायको त्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून कन्येला शाळेतली काहीतरी गंमत विचारतेय आणि दोघी खदखदून हसतायत. तो हात पूर्वी माझ्या खांद्यावर असायचा. ऑपरेशननंतर ती मला जपून हात लावते, काचेच्या सामानाला लावतात तसा. तुला म्हणून सांगतो, भीती परवडली, पण त्या क्षणी मला फार वाईट वाटलं. माणसाला स्वतःचाच मत्सर वाटावा यापेक्षा आणखी काय व्हायचं राहिलं?

सुटी संपली. बाहेर मालक खाकरतोय. भाऊजींना नमस्कार.

तुझा,
गब्बू (हे नाव आता कोणाचं, ते माहीत नाही)

ता. क. खरं काम लिहायचं राहिलंच. तपासणीच्या आधी तू ये आणि त्याला तुझ्याकडे घेऊन जा. मी काही बोललो तर तो हलणार नाही, पण तुझं ऐकेल. मी आयुष्यात फक्त तुझंच ऐकलंय. खायला भरपूर लागेल, बाकी काही त्रास नाही. मी गेल्यावर माझ्या घरात तो उरावा हे मला सहन होणार नाही.

ता. क. दुसरा. पत्र खिशात राहिलं आणि धुवायला कपडे काढताना बायकोच्या हाती पडलं. तिने उभ्याउभ्या वाचलं. आधी हसली, मग रडली, मग चिडली, त्या क्रमाने. म्हणाली, पातेल्यातलं उरतं ते खालच्या पहारेकऱ्याला डब्यातून जातं, आणि रांधते एवढ्यासाठी की तुम्हाला वाटायला नको, मी कमी झालो तर घरातली भांडीही लहान झाली. खुर्चीवर पोरीचं दप्तर असतं, हल्लीची दप्तरं तुम्ही उचलून बघितलीत कधी? हमाल भर जेवणाच्या वेळी आले, उपाशीपोटी कोणाला काय उचलणार! आणि ते ताट तुमचंच आहे हो. रोज वाढते, की आज तरी येऊन बसाल. तुम्ही दारात उभे राहता आणि ताटाकडे असे बघता जणू दुसरंच कोणी जेवतंय. मी किती दिवस बोलवायचं? ताई, मला इतकी लाज वाटली आणि इतकं हलकं वाटलं की काय सांगू. (हलकं हा शब्द बाईंच्या कानावर घालू नकोस.) तेव्हा वरचं सगळं रद्द समज.

ता. क. तिसरा. आज कारखान्याला सुटी. दुपारी त्या खुर्चीत जाऊन बसलो. दप्तर आधीच काढून ठेवलं होतं. काट्याकडे बघायचं नाही अशी बायकोने शपथ घातली होती, म्हणून बघितलं नाही. कन्येने बाबा म्हणून टाळी वाजवली. बायको मागून आली, चमचाभर भात वाढला आणि पूर्वीसारखा खांद्यावर हात ठेवला. पण ताई, तो माझ्या खांद्यावर पडला नाही. वीतभर बाहेर पडला, हवेत, जिथे माझा जुना खांदा असायचा, आणि तिथे टेकला. तिचा तळवा दबलेला मला दिसला, बोटं वाकलेली दिसली. ती कन्येशी बोलत राहिली, तिला काही कळलं नाही. आणि त्या हाताची ऊब मला लागली. खरंच लागली. पाठोपाठ, इतक्या महिन्यांनी, कडकडून भूक लागली. ताट अजून समोर आहे, त्याच्या कडेला कागद ठेवून हे लिहितोय आणि दोघी माझ्याकडे बघतायत. आता कोणाच्या पोटाने जेवायचं, तेवढं सांगायला तू लवकर ये.