पाचपैकी पाच

प्रिय लाफाएले,

पिल्बाराच्या उन्हात डोक्यावर टोपी असते ना? खाणीतली माणसं घरच्यांचं ऐकत नाहीत म्हणतात, म्हणून विचारते. इकडे लोगनमध्ये सगळं तसंच. पास्टरची बायको रविवारी तारोचे कंद देऊन गेली. तुझे बाबा भिंतीकडे तोंड करून पडलेले असतात. मागच्या महिन्यात पलंगावरून उतरवताना माझ्या हातून निसटले, तेव्हापासून त्यांनी उठायचा प्रयत्नच सोडलाय. घरी येणारी नर्स म्हणते, आखडलेला पाय आता सुटणं कठीण. मी मान डोलावते. आयुष्यभर तेच करत आले, बाळा.

इस्पितळाच्या पुनर्वसन विभागातले बाबांचे ते पाच आठवडे तू फोनवरच पाहिलेस. मेगन, त्यांना चालायला शिकवणारी, ती पोर जीव तोडून राबायची रे. कठडे धरून सहा पावलं टाकली की बाबा घामाघूम व्हायचे. अर्धांगवायूने त्यांची सगळी भाषा नेली, आपल्या सामोअनमधलं एक 'लेआई' तेवढं उरलं. हो म्हणायचं तर मान डोलवायचे. नाही म्हणायचं असलं तरच 'लेआई', आणि ते कधी चुकत नसत. दर शुक्रवारी मी विभागातल्या सगळ्यांसाठी नारळाच्या दुधातले पाव न्यायची. आपल्यासाठी राबणाऱ्याला नावं ठेवू नयेत, हे तुझ्या आजीने मला घासाघासाला भरवलेलं.

शेवटी मेगन अभिप्रायाचा फॉर्म घेऊन आली. "उपचारांवर समाधानी आहात का? घरी जायची तयारी झाली असं वाटतं का? अगदी खरं सांगा हं. नसेल वाटत, तर मी आणखी सहा आठवडे मागून घेते." बाबांनी डावा हात त्या कागदावर आपटला. "लेआई! लेआई!" शेजारच्या खाटेवरचा माणूस वळून बघायला लागला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतक्या गुणी मुलीच्या तोंडावर असं! तिला आपली भाषा कुठली कळायला? "काय म्हणतायत?" तिने विचारलं. मी हसून म्हटलं, "खूप खूष आहेत. तुमचे आभार मानतायत." आणि खालपर्यंत सगळीकडे पाचपैकी पाच दिले. "वा! मग मंगळवारी घरी!" ती म्हणाली. बाबांनी हात मांडीवर घेतला.

काल तुझ्या तक्रारीची प्रत टपालाने आली. वडिलांना अर्धवट सोडून घरी हाकललं, असं तू मेगनचं नाव घालून लिहिलंस. तिची चौकशी लागली आहे म्हणे. लाफाएले, ती तक्रार मागे घे. तिने विचारलं होतं, खोटं मी बोलले. ते सहा आठवडे मी घालवले. घालायचंच असेल तर माझं नाव घाल. मला आता कशाचीच आशा नाही, तुझ्या माफीचीसुद्धा. हे बाबांना कसं सांगायचं, याची काळजी तू करू नकोस. त्यांना सगळं समजतं, ते तिथेच बसले होते. मी पेज भरवते तेव्हा ते डोळे मिटून तोंड उघडतात.

तुझीच,
आई